पत्र्याची की लाकडाची

ता. ६ फेब्रुवारी

चि. ठोक्यास अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत, फक्त घरात माणसांना जागा उरलेली नाही. ह्यांचे रंधे पलंगाखाली, पटाश्या माझ्या शिवणयंत्राच्या खणात, आणि कुदळ, फावडं, पाण्याची नळी न्हाणीघरात. परवा आंघोळीला गेले तर दाताळं अंगावर पडलं. तेव्हा मागच्या बागेत एक शेड घ्यायचीच, असं ठरवलंय. प्रश्न एवढाच की पत्र्याची की लाकडाची. तू पत्र्याच्या कारखान्यात फोरमन, तुझं मत मला न विचारताच माहीत आहे. तरी खरं सांग.

सुतार घरात असताना तुला का विचारते, म्हणशील. दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणानंतर ह्यांचा उजवा हात थरथरतो, ते तू पाहिलंसच. तेव्हापासून लाकडाला हात लावलेला नाही, आणि तो विषय निघाला की उठून जातात. शेडचं विचारलं तर तुला हवी ती घे म्हणाले, आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. पेपर उलटा होता.

लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नकोस.

तुझी ताई

ता. १५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

दाताळ्याची हकीकत जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवली, माफ कर.

आता खरं सांगतो. पत्र्याची शेड दोन माणसं एका दुपारी उभी करतात. वाळवी लागत नाही, देखभाल जवळजवळ नाही. पण उन्हात तिची भट्टी होते आणि थंडीत आतून तिला घाम सुटतो. दाजींच्या पटाश्या महिन्याभरात तांबूस होतील. खिळा मारून काही टांगावं म्हटलं तर तेही नाही. लाकडी शेडला वर्षाआड तेल पाजावं लागतं, खाली विटा देऊन ती जमिनीपासून उचलावी लागते. पण आत कोरडं राहतं आणि भिंतीवर हवं ते लटकवता येतं.

दाजींची हत्यारं नुसती ठेवायची असतील तर पत्र्याची घे, वापरायची असतील तर लाकडाची. हे वाक्य मी दोनदा खोडलं, पण राहू दे.

तोवर एक हिरवी शेड माझ्या नावाने बाजूला काढून ठेवली आहे. रागावलीस तरी पत्राने रागाव, म्हणजे खुशाली तरी कळेल.

तुझा ठोक्या

ता. २ मार्च

चि. ठोक्यास आशीर्वाद.

तुझं पत्र मी मुद्दाम टेबलावर उघडं ठेवलं. ह्यांनी ते वाचलं आणि घडी घालून परत तिथेच ठेवलं. मग मी एक घोटाळा केला. लाकडी शेडला किती लाकूड लागेल ते बघायला पलीकडच्या गल्लीतल्या सुताराला बोलावलं. बिचारा टेप काढून बाग मोजू लागला, तसे हे खुर्चीतून उठले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. तो गेल्यावर मी समजूत घालायला गेले, तेव्हा एवढंच म्हणाले, "दुसऱ्याच्या हातची लाकडी शेड मला रोज समोर बघायला लावू नकोस. पत्र्याची आण." इतकी वर्षं संसार करून मला हे कळू नये, याचंच रडू आलं.

तुला होकार कळवायला बसणार होते. त्याआधी म्हटलं, पत्र्यात काही टांगता येणार नाही, तर निदान एक मांडणी आपणच करून बघू. फळी ओट्यावर ठेवली आणि करवत चालवली. असा काही आवाज निघाला की हे अनवाणी धावत आले. कात्रीसारखी धरली आहेस, म्हणाले. मागे उभं राहून डाव्या हाताने माझं कोपर सरळ केलं, मनगट सैल सोडायला लावलं. रेघेवरून नाही, बाहेरून काप, पातं आपल्या जाडीएवढं लाकूड खातं, असं सांगितलं. मी म्हटलं, शिवणकामात आम्ही कडेला जादा कापडाची माया सोडतो, तसंच की. त्यावर हे खळखळून हसले. दोन वर्षांनी रे!

फळी सरळ कापली गेली. आता शेड लाकडाचीच, डोळे ह्यांचे आणि हात माझे. तुझी हिरवी परत कर, आणि मनात अढी ठेवू नकोस.

तुझी ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र कारखान्यातच वाचलं. डोळे का पुसतोस, असं सगळ्यांनी विचारलं, तर पत्र्याचा कीस गेला म्हणालो.

हिरवी शेड परत केली. पण छप्पर माझं, यात तडजोड नाही. आतून फळ्या, वरून पत्रा. म्हणजे घामही सुटणार नाही आणि गळणारही नाही. दाजींची परवानगी असेल तर तेवीस तारखेला पत्रे घेऊन येतो. तू शिवलेल्या माझ्या शाळेच्या शर्टाची एक बाही लांब होती, तेव्हा दाराच्या चौकटीला काटकोन बघायचा गुण्या दाजींनाच लावू दे.

भेटीपर्यंत बोटं सांभाळ, दहाच्या दहा.

तुझा ठोक्या

ता. ४ एप्रिल

प्रिय मेहुणेबुवांस स. न. वि. वि.

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. अक्षर लागलं नाही तर तुमच्या ताईला विचारा, ती वाचते.

छप्पर उत्तम बसलं आहे. दार मात्र वरून घासत होतं. तुम्ही गेल्यावर तुमच्या ताईने ते उतरवलं, कडेवर रंधा मारला आणि पुन्हा चढवलं. मी फक्त उजेडात कड बघून कुठे थांबायचं ते सांगितलं. हात थरथरतो तो थरथरतोच. पण कामात असलो की मला त्याची आठवण राहत नाही.

काल समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. शेडभोवती दोन फेऱ्या मारल्या, दार उघडून लावून पाहिलं, आणि शाळेच्या बागेसाठी अशीच एक करून द्याल का म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, "सुताराला विचारा," आणि हिच्याकडे बोट केलं. ही लाजेल, नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. हिने पदर खोचला, त्यांना जागा किती आहे ते विचारलं, आणि माझ्याकडे न बघता महिन्याभराचा वायदा करून टाकला.

आज सकाळी आम्ही दोघं लाकूड बघून आलो. तेव्हा पुढल्या वेळी येताना कारखान्यातले हातमोजे आणा, लहान मापाचे. माझे तिला सैल होतात.

तुमचा लोभ पोचतो आहे, असाच येऊ द्या.

आपला,
दाजी