गल्लीत झाकून ठेवलेलं जेवण

प्रिय शाहिदा,

मुलाकडे गेलीस ती गेलीसच! तुझ्या घरावरची 'विकणे आहे' पाटी बघून रोज माझा जीव खालीवर होतो गं. तुझ्या दारावर 'मुसलमानांनो, चालते व्हा' ही घाणेरडी अक्षरं कुणी रंगवली ते कळेना, समोरच्या प्रत्येकावर संशय यायला लागला, म्हणून तू गल्लीच सोडलीस. तुला दोष कसा देऊ?

तू गेल्यावर नगर कौन्सिलला जाग आली. सरकारचा पैसा आला, त्यामागून ऑलिव्हर नावाचा पोरगेला अधिकारी आला. शेजाऱ्यांची मनं जुळावीत म्हणून त्याने गल्लीत सहभोजन ठरवलं. कधी? ऐन रमजानात, भर दुपारी! तुझी जाऊ रुखसाना म्हणाली, "वा रे शहाण्या, आम्ही काय नुसत्या वासावर पोट भरायचं?" बिचारा असा ओशाळला की मलाच हसू फुटलं. मग मी सगळ्यांना दटावलं, "झाका ती सँडविचं! सूर्य मावळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही." आणि खरंच थांबले गं सगळे. पलीकडचा खडूस केनसुद्धा! संध्याकाळी रुखसानाने त्याला भजी तळायला उभं केलं आणि वर झापलं, "अहो, अलगद सोडा, चेंडू नाही फेकायचा!" तिच्या फोनवर अजान झाली, तेव्हा केननेच पहिला खजूर तिच्यापुढे धरला. मला रडूच कोसळलं.

जेवणं चालू असताना एक पोलीसबाई गल्लीतल्या कॅमेऱ्यातला फोटो घेऊन फिरत होती. तुझ्या दारासमोर रंगाचा डबा घेतलेला माणूस, तोंड झाकलेलं. मी चष्मा लावला आणि हातातली बशी खाली ठेवली. त्याच्या तोंडाभोवतीचा मफलर मी विणलेला होता. माझ्या भाच्यासाठी, कॅलमसाठी.

मी तिथल्या तिथे नाव सांगितलं, शाहिदा. भावाने माझ्याशी बोलणं टाकलंय. टाकू दे. कॅलमने गुन्हा कबूल केला. कोर्ट द्यायची ती शिक्षा देईल. शिवाय आता सरकारी सोय आहे म्हणे, तुझी इच्छा असली तर तो एका खोलीत तुझ्यासमोर बसून तुझं सगळं ऐकून घेईल. नको वाटलं तर सरळ नाही म्हण. पोलीसबाई तुला फोन करणारच होती. मीच तिला थांबवलं, म्हटलं, आधी माझं पत्र पोचू दे, हे नाव शाहिदाला परक्याच्या तोंडून कळायला नको. आणि आलीस, तर एवढं लक्षात ठेव: त्या खोलीत मी तुझ्या शेजारी बसणार आहे, त्याच्या नाही.

तुझीच,
बेरिल