वगळलेला भार

२२ एप्रिल २०२४, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस चक्क छान गेला! जालना रोडवरची सात मजली काचेची इमारत, खाली शोरूम, वर ऑफिसं. माझी केबिन दुसऱ्या मजल्यावर. मालक आप्पासाहेब मूळचे बिडकीनचे. जमीन औद्योगिक वसाहतीत गेल्यावर शहरात येऊन त्यांनी ही इमारत बांधली. माझं काम म्हणजे विजेची बचत. छतातले सेन्सर कुठल्या खोलीत किती माणसं आहेत ते मोजतात आणि सॉफ्टवेअर त्याप्रमाणे दिवे, एसी, पाण्याचे पंप चालू-बंद करतं. माझ्याआधीचा इंजिनिअर विश्वजित न सांगता सोडून गेला, असं आप्पासाहेब म्हणाले. बरंच झालं, मला जागा मिळाली. आईला नाशिकला फोन करून सांगितलं की सिडकोतली खोली हवेशीर आहे, नळाला पाणी आठ दिवसांनी येतं, पण तुझी चारुता मजेत आहे.

२६ एप्रिल, शुक्रवार
जिन्यातले दिवे माणूस आला तरच लागतील असं केलं, एसी सव्वीसवर आणले. चार दिवसांत अकरा टक्के बचत! आप्पासाहेबांनी पेढे वाटले. वॉचमन कडुबामामांनी मला दोन पेढे दिले. ते आणि सफाईच्या केसरबाई दुपारी गेटजवळ एकत्र जेवतात. आज मलाही बोलावलं. बाहेर बेचाळीस अंश, टँकरची रांग, आणि केसरबाईंचा ठेचा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तसे दोघं खूप हसले.

२९ एप्रिल, सोमवार
केसरबाईंची तक्रार. त्या तिसऱ्या मजल्यावर पुसायला लागल्या की दिवे जातात, वॉशबेसिनचा नळ हात धरला तरी सुटत नाही.
“मॅडम, तुमच्या मशीनीला मी दिसंनाच की वो.”
मी त्यांना सेन्सरखाली उभं करून हात हलवायला लावला. स्क्रीनवर शून्य. मी शेजारी उभी राहिले. एक. दोघी होतो, आकडा एकच. सेन्सर बदलायची नोंद केली.

३ मे, शुक्रवार
नवा सेन्सर बसवला. तरी तेच. बाकीच्या मजल्यांवरही तेच. बाई अंधारात पुसतात, कडुबामामांच्या माठातलं पाणी पितात. महिन्याचा अहवाल द्यायचा होता, म्हणून सोमवारी बघते म्हटलं. उद्या सुट्टी आहे, दौलताबादला जाऊन येईन.

६ मे, सोमवार
केसरबाई आल्या नाहीत. मामांना विचारलं, आजारी आहेत का? ते म्हणाले, “कोन केसरबाई?” मला चेष्टा वाटली. तीनदा विचारलं. शेवटी ते चिडले आणि मी ऊन लागल्यासारखं बोलतेय म्हणाले. रोज जिच्या डब्यातलं खायचे, तिचं नाव आठवत नाही? यांना कुणीतरी गप्प राहायला सांगितलंय. आप्पासाहेबांना विचारलं, तर म्हणे इथं सफाईला पहिल्यापासून मशीनच आहे. बोलताना ते माझ्याकडे निरखून बघत होते. बचत आज अठरा टक्के.

८ मे, बुधवार
मुकुंदवाडीत केसरबाईंचं घर शोधून काढलं. सून दारात पाण्याचा ड्रम घासत होती. म्हणाली, मला सासू नाही, लग्नाच्या आधीपासूनच नव्हती. दोरीवर एक हिरवी साडी वाळत होती, पदरावर फिनेलचे पांढरे डाग. ही कुणाची, असं विचारलं. ती साडीकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “म्हाईत नाय. रोज काढून ठेवते, तरी कुनाची हाय ते सुदरत नाय.”
आणि रडायला लागली. का रडतेय तेही तिला सांगता येईना.

१० मे, शुक्रवार
सॉफ्टवेअरमध्ये एक पान सापडलं, जे मला कुणी दाखवलं नव्हतं. ‘वगळलेला भार’. बारा नोंदी. नावं नाहीत, फक्त मजला, तारीख, वेळ, वाचलेली युनिटं. बारावी तिसऱ्या मजल्याची, ४ मे. मंजुरी: चारुता. त्या वेळी मी दौलताबादच्या किल्ल्यावर होते, माझ्याकडे फोटो आहेत! पहिल्या दहा नोंदींना मंजुरी विश्वजितची. अकरावी: दुसरा मजला, केबिन, १२ एप्रिल.
माझी केबिन. त्याची केबिन.
आप्पासाहेबांना विश्वजितबद्दल विचारलं. म्हणाले, तुमच्या आधी इथं कुणीच नव्हतं. पहिल्या दिवशी तर त्यांनीच मला त्याचं नाव सांगितलं होतं! खोटं बोलतात, की त्यांनाही –
मला मात्र केसरबाई आठवतात. मंजुरी ज्याच्या नावावर, त्यालाच आठवत असेल बहुतेक.

१४ मे, मंगळवार
काल मतदानाची सुट्टी. आज सकाळी मामा बोटाची शाई दाखवत होते. मी हसले नाही. मला त्यांचाही संशय येतो.
अकरा वाजता बाराव्या नोंदीवर ‘परत घ्या’ दाबलं. स्क्रीनवर प्रश्न आला, कुणाच्या जागी? बदली जागा दिल्याशिवाय पुढं जाईना. सातव्या मजल्यावरचं रिकामं स्टोअर दिलं. तिथं आकडा शून्य होता. अंमल: दुपारी एक.

१५ मे, बुधवार
केसरबाई आल्या! दिवे लागतात, नळ सुटतो. मी त्यांचा हात धरून रडले. “असं काय करता मॅडम? मी कुठं गेलते?” म्हणाल्या.
गेटवर मामा नव्हते.
“कोन मामा?” केसरबाईंनी विचारलं.
सातव्या मजल्यावर धावत गेले. स्टोअरमध्ये उघडा डबा. अर्धी भाकरी, वाळलेली. जरा गारवा म्हणून ते हल्ली तिथं जेवायला बसत असतील. मला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं हो.

१६ मे
सॉफ्टवेअर बंद करायला गेले. पासवर्ड चालत नाही. तेवढं एकच पान उघडतं. तेरा नोंदी. बारावीपुढे ‘परत घेतली’, तेरावी सातव्या मजल्याची.
मामांना परत आणायचं तर कुणाच्या जागी?
कुणालाच ते आठवत नाहीत. गप्प बसले तर कुणी विचारणारही नाही. हे मी लिहिलंय, याची लाज वाटते.

१७ मे, दुपार
जागा दिली. दुसरा मजला, केबिन. अंमल: चार.
केसरबाईंना माझं नाव पाच वेळा म्हणायला लावलं. आईला फोन केला. तिचं नुसतं ऐकत राहिले.

३.५५
एसी बंद झाला.

४
दिवे गेले. खालून मामांचा आवाज – केसरबाईंना हाक मारताहेत, माठ कुणी हलवला म्हणून – आले, मामा आले –
आईला परत फोन लावला. म्हणाली, कोण बोलतंय? मी म्हटलं, आई, मी –
दार उघडलं. केसरबाई, हातात पोछा. माझ्याकडे बघताहेत. नाही, खुर्चीकडे. मी ओरडतेय. त्या आत आल्या, टेबल पुसताहेत, वही उचलून बाजूला ठेव