नाव कमी करणे

अहमदपूर,
१२ जून २०२५

चि. अण्णारावास अक्काचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

तुझे कान कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांनी खाल्ले. फोनवर मी ओरडते आणि ऐकते सारी गल्ली, म्हणून पत्रच बरं. बातमी अशी की, लातूरच्या डॉक्टरांनी माझ्या हृदयाची झडप अरुंद झाल्याचं सांगितलं. ऑपरेशन दिवाळीच्या आत व्हायला हवं, उशीर जिवावर बेतेल म्हणाले. मोंढ्यातल्या बाजारापर्यंत जाताना दोनदा टेकावं लागायचं, तेव्हा मला थोडा अंदाज होताच.

सरकारी आरोग्य कार्ड असलं की ऑपरेशन फुकट होतं. गल्लीतली आशा सेविका पुनम त्यासाठी हात धुऊन माझ्या मागे लागली आहे. पण मशीनवर माझा अंगठाच उठत नाही. भांडी घासून रेषा गेल्या म्हणे. तू काळजी करू नकोस. भाजी निवडायचा कंटाळा करत असशील, ते खरं खरं लिही.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी अक्का,
धुरपताबाई

हिमायतनगर,
२३ जून

तीर्थरूप अक्कास अण्णारावचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र वाचून दिवसभर काही सुचलं नाही. अंगठा उठत नसेल तर डोळ्यांवरूनही काम होतं. आमच्याकडच्या नव्वदीच्या म्हाताऱ्या तसंच करून कार्ड घेऊन गेल्या. लहानपणी नुसते डोळे वटारून मला गप्प बसवायचीस, आता त्या मशीनकडे वटार.

मी येऊन जाऊ का? दरवेळी नको म्हणतेस. माझं जेवण ठीक चाललंय, भाकरी शेजारून येते. संध्याकाळी रेडिओ लावून बसतो. ऐकू काही येत नाही, पण त्याचा दिवा लागलेला दिसतो, तेवढीच सोबत.

लोभ असावा, धाकट्याला विसरू नये.
तुझा,
अण्णाराव

अहमदपूर,
७ जुलै

चि. अण्णारावास अनेक आशीर्वाद, वि. वि.

डोळेही वटारून पाहिले, पण मशीन तुझ्यासारखं भित्रं नाही. आता सर्व्हर बंद आहे म्हणे. सेवा केंद्रातला मुनीब नावाचा पोरगा रोज उद्या या म्हणतो. होईल सावकाश. मला काही एवढं वाईट वाटत नाही. तू येऊ नकोस. दोन बस बदलून उगाच हाल होतात.

आठवण काढतोस, तशीच काढत जा.
अक्का

अहमदपूर,
१९ जुलै

आदरणीय अण्णामामा यांना पुनमचा नमस्कार, वि. वि.

अक्कांना न सांगता लिहीत आहे. त्यांची पत्रं पोस्टात मीच टाकते, त्यामुळे पत्ता माहीत होता. मामा, अक्कांचा अंगठा पहिल्याच खेपेला उठला होता. सर्व्हरही चालू आहे.

अडचण रेशनकार्डाची आहे. भुजंगकाकांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी त्यावर पहिलं नाव त्यांचंच आहे. तहसिलात अर्ज देऊन ते काढलं की कार्ड अक्कांच्या नावावर होतं आणि मग आरोग्य कार्ड निघतं. अर्ज मी भरला, फक्त सही राहिली होती. पण त्याच्या डोक्यावर 'नाव कमी करणे' असं छापलेलं आहे. ते वाचून अक्कांनी पेन खाली ठेवला. "मालकाला मी कशी गं कमी करू? मग घरात ऱ्हायलं कोन?" एवढंच म्हणाल्या.

रेशन दुकानदार मलप्पा सांगतात, काका गेल्यापासून त्यांच्या वाट्याचं धान्य अक्कांनी एकदाही उचललेलं नाही. पण कार्डावरची दोन्ही नावं मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय त्या दुकानातून हलत नाहीत. परवा त्या माझ्या दारात येऊन बसल्या, तर पाणी प्यायलाही दम पुरेना. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील.

राग नसावा.
आपली,
पुनम

हिमायतनगर,
२६ जुलै

तीर्थरूप अक्कास नमस्कार, वि. वि.

अक्का, तू मला खोटं लिहिलंस. पुनमवर चिडू नकोस.

तुझी भावजय गेली तेव्हा मी चौदाव्या दिवशीच तिचं नाव कमी करून आलो. कारकुनाला पाच मिनिटंही लागली नाहीत. मला वाटलं, वेळेवर काम उरकलं. घरी येऊन चहा टाकला तर तो दोन कप झाला. एक ओतून दिला. अजूनही अधूनमधून तसं होतं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दाजी जायचे ते सहा वर्षांपूर्वीच गेले. आता तूही गेलीस तर मला पत्र लिहायला कुणी उरत नाही. मी रागावून लिहीत नाही, भिऊन लिहितोय. सही कर.

तुझा,
अण्णा

अहमदपूर,
४ सप्टेंबर

चि. अण्णास अक्काचे आशीर्वाद, वि. वि.

सही केली. पुनम सोबत होती. तिने कागद धरून ठेवला. नव्या कार्डावर फक्त माझं नाव आलं आहे. कुटुंबप्रमुखाशी नाते या रकान्यात 'स्वतः' असं लिहिलंय. एकूण सदस्य, एक. दोन दिवस मी ते कार्ड पालथं घालून ठेवलं होतं, नंतर रडून घेतलं. आरोग्य कार्डही निघालं. ऑपरेशन बावीस तारखेला, लातूरला.

काल कागद घेऊन दवाखान्यात गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, सगळं बरोबर आहे, सोबत कोण आहे? मी एकटीच असल्याचं सांगितलं. तर त्या म्हणाल्या, एकट्या माणसाला भरती करून घेत नाहीत, सहीला आणि उशाशी घरचं कुणीतरी लागतंच. मी रेशनकार्ड पुढे केलं. त्यांनी ते वाचलं आणि परत दिलं.

अण्णा, तू आलास की चार दिवसांनी परत जातोस आणि घर खायला उठतं, म्हणून मी तुला नको नको म्हणत आले. आता ये. फॉर्मवर 'घरचे माणूस' असा रकाना होता, तिथे तुझं नाव लिहून आले आहे.

वाट पाहते.
अक्का