फळ्यावरची रिकामी जागा

सोमवार, ३

नवी नोकरी, नवी वही! पत्र्याचे डबे बनवणारा कारखाना, बावीस माणसं, एक लांबलचक शेड. माझं काम दोन वाक्यांत सांगता येतं: पसारा आवरायचा, आणि कुणाला इजा होऊ द्यायची नाही. आई म्हणायची, स्वतःचं कपाट आवरत नाहीस, जगाचं काय आवरणार? घे, आता तेच पोटापाण्याचं काम झालं.

पसारा असा की पाहत राहावं. एका पान्यासाठी आज पंचवीस मिनिटं शोधाशोध झाली. तो निघाला दाराखाली, दार आपटू नये म्हणून खुपसलेला. आग लागली तर पळायचं म्हणून जे मागचं दार आहे, ते खोक्यांनी पार बुजलंय. स्टोअर सांभाळणारे काका सगळी हत्यारं एका पेटाऱ्यात टाकतात आणि आंधळ्यासारखा हात घालून नेमकं हवं ते काढतात. पत्रा दाबून कापणाऱ्या मोठ्या प्रेसवर एक बाई आहेत. त्यांचा दीर पूर्वी इथेच कामाला होता, म्हणून सगळ्यांच्या त्या वहिनी. त्यांनी मला बळेच आपल्या डब्यातलं खायला लावलं. म्हणाल्या, ‘तुम्ही आवरा, आम्ही परत पसरतो. तेवढीच करमणूक.’

गुरुवार, ६

तीन दिवस कंबर मोडेस्तोवर काम. खोकी हलली, मागचं दार उघडलं, चालायच्या वाटेला पिवळे पट्टे मारले. प्रेसची संरक्षक जाळी कोपऱ्यात धूळ खात पडली होती, ती परत बसवून घेतली. जाळीमुळे हात मंदावतो, अशी सगळ्यांची कुरकूर. मी बधले नाही.

आणि माझा लाडका फळा! पांढऱ्या प्लायवूडवर प्रत्येक हत्याराची काळ्या रंगात बाह्याकृती, तिच्यावर खिळा. पक्कड पकडीच्या जागी, कानस कानशीच्या. जागा रिकामी दिसली की वस्तू हरवली हे लांबूनही कळतं. नियम एकच: रिकामी जागा भरल्याशिवाय पाळी सुटायची नाही. वहिनी म्हणाल्या, घरी नवऱ्याचीही अशी आकृती काढून द्या, निदान गेलाय हे तरी कळेल. काकासुद्धा हसले.

मालकीणबाईंनी दारावर पाटी लावायला सांगितली: अपघाताविना सलग दिवस, ४१२. रोज सकाळी आकडा मी वाढवायचा.

मंगळवार, ११

फळ्याच्या खालच्या ओळीत एक आकृती जास्तीची आहे. उजवा पंजा, बोटं फाकलेली, मनगटाशी सरळ तोडलेला. कुणाचा तरी चावटपणा. मी हसून पांढरा रंग फासला. बाकी कुणी हसलं नाही.

बुधवार, १२

पंजा परत आलाय. रंग ओला नाही, जुना, तडकलेला. तीनदा पुसला. तीनदा आला.

शेवटी काकांना विचारलं. त्यांनी पेटारा साफ करता करताच सांगितलं, माझ्याकडे न बघता. सात महिन्यांपूर्वी वहिनींच्या दिराचा हात प्रेसमध्ये गेला. काम वेगाने व्हावं म्हणून मालकीणबाईंनी जाळी काढायला लावली होती. इस्पितळातून फोन आला, हात बर्फात घालून आणा, बसवता येईल. पण तोवर प्रेस परत सुरू झाली होती. शोधायला कुणाला मशीन बंद करू दिलं नाही. हात पत्र्याच्या कतरणीबरोबर भंगारात गेला. दीर महिन्याभरात गेला.

मी पाटीकडे पाहिलं. ४१८.

गुरुवार, १३

मालकीणबाईंना भेटले. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, झालं गेलं, त्या माणसाला आता काय फरक पडतो? बावीस घरांची चूल या शेडवर आहे. पाटी तशीच राहू द्या.

बाहेर आले. वहिनी प्रेसवरून माझ्याकडे बघत होत्या. मी खडू घेतला आणि ४१९ लिहिलं. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

शुक्रवार, १४

पाच वाजले, पाळी सुटली नाही. सगळे फळ्यासमोर उभे. मी म्हटलं, घरी जा. एकजण म्हणाला, ‘बाई, जागा रिकामी आहे.’ रागाने नाही. मी शिकवलं ते मलाच सांगत होता.

मग एकेक जण पुढे आला. उजवा हात फळ्यावर ठेवून पाहिला. बसला नाही. पुढचा. तोही नाही. काकांनी ठेवला. वहिनींनी ठेवला, बराच वेळ. मग म्हणाल्या, हा आमच्या भाऊजींचा हात नाही आता. त्यांचा केवढा थोरला पंजा होता. हा बारीक होत चाललाय.

केव्हापासून, मी विचारलं.

कालपासून.

मी फळा उतरवून कचरा जाळायच्या भट्टीत घातला. तेव्हा कुठे पाळी सुटली.

शनिवार, १५

सकाळी फळा जागेवर. प्रत्येक हत्यार आपापल्या खिळ्यावर.

मालकीणबाई आल्या नाहीत. फोन लागत नाही.

प्रेसची जाळी कुणीतरी काढून भिंतीशी ठेवलीय. नीट, पिवळ्या पट्ट्याच्या आत. मी पाहिली. बसवायला सांगितली नाही — का नाही —

पाच वाजून दहा. कचेरीत आहे. दाराला कडी नाही. सगळे बाहेर आहेत, घाई कुणालाच नाही. आत येऊन कुणीतरी माझ्यासाठी दिवा लावून गेलं.

कागद फळ्यावर धरून आकृती उतरवून आणली होती, दुपारी. आता त्यावर हात ठेवला. करंगळी जराशी वाकडी आहे माझी, लहानपणापासून. रेघही तिथे —

भीती वाटत नाहीये. फक्त बोटं गार पडलीत.

प्रेस सुरू झाली. बाकी सगळी मशीनं बंद.

वहिनी आल्या. खांद्यावर हात ठेवला, आजाऱ्याच्या ठेवतात तसा. म्हणाल्या, पेन डाव्या हातात घ्या. आतापासून सवय केलेली बरी.

घेतलं. अक्षर वेडंवाकडं येतंय, पण येतंय. उजवा त्यांनी धरलाय. चला म्हणताहेत. एवढी ओळ पुरी करू द्या म्हटलं, तर त्या थांबल्या, आणि मी लि