फडक्यावरची चमक

बाबा, आज सकाळी अंगणात गाडीचं ऑइल मी स्वतः बदललं. गॅरेजला जायला सवड नाही असं बायकोला सांगितलं, पण खरं म्हणजे हे काम मला दुसऱ्या कुणाच्या हाती देववत नाही. चेंबरचा नट सोडला, खाली घमेलं लावलं, निघालेलं ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळलं. जुना फिल्टर करवतीनं कापला आणि आतला कागद घडी-घडी उलगडून उन्हात धरला. नुसता काळा होता. तरी तो हातात घेऊन मी बराच वेळ पायरीवर बसून राहिलो.

हे बघणं तुम्ही शिकवलेलं. मिशनच्या दवाखान्याची ॲम्ब्युलन्स तुम्ही चालवायचात आणि तिचं सगळं दुरुस्तीकामही तुमच्याकडेच होतं. ऑइल बदलायच्या दिवशी तुम्ही दोन बोटांत थेंब चोळायचात आणि मला सांगायचात, "काळं ऑइल वाईट नसतं. चमकणारं वाईट. चमकलं की समजायचं, आत बेअरिंग झिजतंय. मग गाडी जागची हलवायची न्हाई." मी तेव्हा राहुरीला डिझेल मेकॅनिकचं शिकत होतो आणि हे सगळं मला आधीच येतं असं मला वाटायचं.

तो शनिवार तुम्हाला आठवत असेल. तुम्ही तापानं पडलेले आहात, आई कपाळावर ओलं फडकं ठेवून कामावर गेलीय, आणि तुम्ही मला म्हणताय, "आज तू बदल. पण गाळून बघ, आन मला सांग." मी गेलो. दवाखान्यामागच्या शेडमध्ये ऑइल काढलं, गाळलं, आणि फडक्यावर तांब्याची बारीक चमक दिसली. चिमूटभर असेल. शंका घ्यायला जागा नव्हती. पण राहुरीला आमच्या क्रिकेट टीमची फायनल होती. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तापातच उठून शेडमध्ये आला असतात, चेंबर उतरवायला लावलं असतं, माझा दिवस गेला असता. मी फडकं गुंडाळून कचऱ्यात टाकलं, नवं ऑइल भरलं आणि घरी येऊन दारातूनच म्हणालो, "सगळं ठीक हाय." तुम्ही डोळे मिटूनच मान हलवलीत. त्या मॅचमध्ये मी पहिल्याच चेंडूवर बाद झालो, हे कुणालाच सांगितलं नाही.

आठवड्याच्या आत घोडेगावच्या अलीकडे इंजिन जाम झालं. मागं अडलेली बाळंतीण होती, तिला नगरला न्यायचं होतं. तुम्ही रस्त्यात आडवे उभे राहून कांद्याचा टेम्पो थांबवलात, गोण्या बाजूला करून तिला त्यात निजवलंत. बाई वाचली, बाळही वाचलं. पण दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या लोकांनी तुम्हाला ऑफिसात बोलावलं. तुमचा डबा घेऊन मी दाराबाहेर उभा होतो. आतून कुणीतरी विचारलं, "ऑइल बदलताना नीट बघितलं होतं का?" आणि तुम्ही म्हणालात, "बघितलं हुतं. माझीच नजर चुकली."

माझं नाव तुम्ही घेतलं नाहीत. त्यांनी गाडीची किल्ली काढून घेतली आणि तुम्हाला बागेचं काम दिलं. निवृत्त होईपर्यंत चार वर्षं तुम्ही त्या आवारात नळी धरून झाडांना पाणी घालत होतात. नवा ड्रायव्हर गाडी चालू करायचा तेव्हा तुमची मान आपोआप वळायची, आवाज ऐकायला. मी ते पाहिलंय आणि रस्ता बदलून घरी गेलोय.

फक्त एकदा, जेवताना, तुम्ही विचारलंत, "त्या दिवशी काई चमकलं हुतं का रं?" मी ताटाकडे बघत म्हणालो, "न्हाई." तुम्ही लगेच म्हणालात, "मग अचानकच झालं आसंल," आणि मला भाकरी वाढलीत. माझ्यावर संशय घेतला असतात तर बरं झालं असतं. मला वर्कशॉपमध्ये नोकरी लागली तेव्हा तुम्ही तुमचे सगळे पान्हे रॉकेलनं पुसून माझ्या हाती दिलेत आणि शेजाऱ्यांना सांगितलंत, पोराचा हात चांगला हाय, डोळाही चांगला हाय. मी ते पान्हे घेतले, तुमच्या पाया पडलो. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तुम्ही गेलात त्या आठवड्यातही मी रोज उशाशी बसत होतो, पाणी पाजत होतो, आणि रोज उद्यावर ढकलत होतो.

आज मी तो कागद उन्हात धरून बसलो होतो तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली. आता तिला कमी दिसतं. थोडा वेळ माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या वडलांची नजर शेवटी लई कमजोर झाली हुती. न्हाई तर ती गाडी त्यांच्या हातून बंद पडली नसती." एवढी वर्षं ती हेच मानत आलीय, पाहुण्यांनाही हेच सांगते, तुम्हाला सांभाळून घेत. मी तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडलंही होतं. मग म्हणालो, "वयानं होतं तसं, आई."

हे लिहितोय तर ती पुन्हा आत आली आणि काय लिहितोस म्हणून विचारलं. मी सांगितलं, गाडीच्या सामानाची यादी.