तारेवरच्या चिठ्ठ्या

मानवत, बुधवार, १४ डिसेंबर १९८३

परभणीच्या कोर्टात आज मी खोटं बोललो. एसटीतून घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

सखाराम आमच्या कापसाच्या जिनचा वॉचमन. सरकीची गाडी त्यानं परस्पर बाहेर सोडली, म्हणून मालकांनी त्याला कामावरून काढलं. त्यावर तो कोर्टात गेला. तो म्हणतो, गाडी माल सोडायची चिठ्ठी बघूनच सोडली अन् चिठ्ठी दिवाणजींकडं दिली. दिवाणजी म्हणजे मीच. गेटच्या सगळ्या चिठ्ठ्या मी खिळ्याला लटकवलेल्या तारेत टोचतो. ती एक काही आठवत नाही. पण टोचलीच असणार ना?

मालकांच्या वकिलांनी पावसाळ्यातच बजावलं होतं, "निकाल लागेपर्यंत एक कागद हलवू नका." मी रजिस्टरं कपाटात घालून कुलूप लावलं. तारेवरच्या चिठ्ठ्यासुद्धा कागदच, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? दर दिवाळीसारखी तार रिकामी केली, चिठ्ठ्या घरी नेल्या आणि पहिल्या अंघोळीचा बंब त्यांच्यावरच पेटवला.

आज जज्जसाहेबांनी विचारलं, "गेटच्या चिठ्ठ्या कुठं आहेत?" मालकांचे वकील माझ्याकडंच बघायले होते. लय लाज वाटली. म्हणालो, "चिठ्ठ्या ठेवायची आमच्याकडं पद्धतच नाही, साहेब."

बाहेर आल्यावर सखाराम भांडला नाही. एवढंच म्हणाला, "दिवाणजी, त्या तारेचा खिळा मीच ठोकून दिला होता की तुमाला."

जाळल्या म्हणालो असतो, तर निदान चिठ्ठ्या होत्या, एवढं तरी कोर्टाला कळलं असतं.