होल्मबाईंनी काढलेली आस्ता

ओडेन्स, १९ फेब्रुवारी २०११

प्रिय आस्ता,

तू बरी असशील, कंबर फार कुरकुरत नसेल आणि बेटावरचा वारा नेहमीसारखाच लोकांच्या टोप्या पळवत असेल. माझा गुडघा जिना बघितला की रुसतो. बाकी ठीक. लेक दर रविवारी येते, फ्रीज उघडते आणि आतल्या हेरिंग माशांच्या बरण्या बघून मला बोलते. डॉक्टर म्हणाले, लोणी सोडा. मी डॉक्टर सोडला.

तुझे ब्योर्गे गेले तेव्हा चार ओळी लिहिल्या होत्या, त्यानंतर थेट आज. मध्ये लिहिण्यासारखं काही घडलं नाही, असं म्हणू या.

आता घडलंय. मी तुला बघून आलो. होल्मबाई आठवतात ना? उन्हाळाभर तुमच्या माडीवर राहायच्या. त्यांचे रंगांचे जड खोके मी घाम गाळत पोचवायचो आणि त्या एकदाही ‘बस जरा’ म्हणाल्या नाहीत. त्यांची चित्रं इथल्या संग्रहालयात मांडली आहेत. जिवंतपणी बाईंना कुणी कुत्रं विचारत नव्हतं, आता तिकिटाला रांग. पेपरात नेमकं तुझंच चित्र आलं, काळंपांढरं, तळहाताएवढं. खिडकीशी कडेने बसलेली तू, येणाऱ्या रस्त्याकडे पाठ. खाली सही आणि ‘मे १९६२’.

मी पेपर घडी करून ठेवला. दोन आठवडे गुडघ्याचं निमित्त सांगत राहिलो. शेवटी परवा गुरुवारी गेलो.

चित्र चांगलं माझ्या उंचीचं निघालं. समोर आठ-दहा माणसं आणि त्यांना समजावून सांगणारी लिव नावाची कोपनहेगनची मुलगी. म्हणत होती, “बघा, बाहेर एवढं ऊन पडलंय आणि हिने रस्त्याकडे पाठ केलीय. जगाशी हिला काही देणंघेणं नाही. हे एकटेपणाचं चित्र आहे.”

लोकांनी माना डोलावल्या. खरं सांगू? मीही डोलावली. इतकी वर्षं माझंही हेच मत होतं.

मग मी पुढे झालो.

“आजोबा, जरा मागे. गजर वाजेल.”

“खिडकीबाहेर हे काय आहे गं?”

“कंदील असावा. नाहीतर खुंटी.”

“कंदील? अगं, आरसा आहे तो! आमच्या बेटावर घरोघरी असतो, खिडकीबाहेर तिरका लावलेला. घरात बसून, मान न वळवता पाठीमागचा सगळा रस्ता दिसतो त्यात. कोण आलं, कोण कुणाकडे गेलं, कुणाचे बूट नवे आहेत.”

“म्हणजे चोरून बघायचं?”

“चोरून कसलं? तुला मी दिसलो, तर मलाही तू दिसणारच की. मी पोस्टमन होतो तिथे. रस्त्यावरून आरशाकडे बघून टोपी उचलायची, आतून मान हलायची. तोच आमचा नमस्कार.”

“मग ही पाठ करून बसलेली नाही?”

“ही रस्ता बघतेय,” मी म्हणालो आणि गजराची पर्वा न करता आणखी पुढे वाकलो.

कारण तोवर मला आरशातलं दिसलं होतं. मिरीच्या दाण्याएवढा लाल ठिपका. टपालखात्याचा माझा लाल कोट. पेपरातल्या चित्रात तो काळ्यात काळा होऊन गेला होता.

आस्ता, बासष्टच्या मेमधल्या त्या गुरुवाराबद्दल आपण कधीच बोललो नाही. आदल्या दिवशी तुमच्या टपालात मी बिनतिकिटाची चिठ्ठी सरकवली होती. ‘उद्या दहाला येईन. तुझं हो असेल तर वळून माझ्याकडे बघ. नाही वळलीस तर समजेन, पुन्हा त्रास देणार नाही.’ मी आलो. कोपऱ्यापासून खिडकीत तुझा अंबाडा दिसत होता. आता वळेल, मग वळेल, म्हणत त्याच्यावर नजर खिळवून चालत राहिलो. अंबाडा हलला नाही. मी मान खाली घालून पुढे गेलो, दुसऱ्या दिवसापासून तुमची गल्ली दुसऱ्या पोस्टमनच्या गळ्यात मारली आणि महिन्याभरात बदली मागून बेट सोडलं.

होल्मबाईंनी त्या लाल ठिपक्यावर काळा ठिपका दिलाय. माझे केस पिवळे होते, म्हणजे ती टोपी. तुमच्या आरशापाशी माझी टोपी रोज हातात असायची. त्या एकाच सकाळी ती डोक्यावर राहिली, कारण मी आरशाकडे बघितलंच नाही. म्हणजे हे चित्र त्याच सकाळचं.

आणि तू त्यातच बघते आहेस. ओठ दाताखाली धरलेला, कान लालबुंद. बाई समोर कुंचला घेऊन ‘हलू नकोस’ म्हणून दटावत असणार, त्यांचा दरारा मला ठाऊक आहे. तू म्हणाली असशील, हा रोजच्यासारखा आरशात बघेलच. आणि हा गाढव अंबाड्याकडे बघत चाललेला!

की हे सगळं मीच रचतोय? लिवला एकटेपणा दिसला, मला ‘हो’ दिसलं. म्हाताऱ्या माणसाला हवं तेच दिसतं. म्हणून तुला विचारतोय.

माझा आणि इंगरचा संसार चांगला झाला, तिच्याबद्दल वाकडा शब्द काढवत नाही. पण बेटावरच्या एका मुलीने मला नाकारलं, असं मी तिला सांगितलं होतं. जेवणाच्या टेबलावर गंमत म्हणून सांगायचो, पाहुणे हसायचे. ते खरं नसेल, तर जन्मभर मी तुझ्याबद्दल खोटं बोललो.

संग्रहालय बंद होईपर्यंत मी समोरच्या बाकावर बसून होतो. मला तू हवी होतीस, आस्ता. अजूनही हवी आहेस.

ये म्हणत नाही, बोलाव म्हणत नाही. त्या सकाळी तुझं उत्तर काय होतं, एवढंच कळव. ‘नाही’ असेल तर त्याची मला सवय आहे. ‘हो’ असेल तर ते सोसायला फार जड जाईल, तरीही कळव.

तुझं उत्तर न बघताच निघून गेलेला,
थॉर्किल